गाडी वळते कशी?

शेताच्या बांधाशी बैलगाडी वळवताना आपल्याला फारसा विचार करावा लागत नाही. चाके दोनच. आतले चाक हळू फिरते, बाहेरचे भराभर फिरते, आणि बैल वळले की गाडी मुकाट्याने मागे वळते. पण गाडीला चार चाके आली की खरी पंचाईत सुरू होते. मोटारीच्या स्टिअरिंगचा इतिहास म्हणजे या पंचाइतीतून काढलेल्या वाटेचा इतिहास होय.

युरोपातील जुन्या चारचाकी घोडागाड्यांत पुढचा सबंध आस मधोमध एका खिळ्यावर फिरे. वळण अरुंद असले की चाके गाडीच्या पोटाखाली येत, गाडीचा आधार आखूड होई आणि ती कलंडण्याची धास्ती असे. इंग्लंडमधील लिचफील्ड येथील डॉक्टर इरॅझमस डार्विन, म्हणजे चार्ल्स डार्विनचे आजोबा, रोगी तपासण्यासाठी सतत घोडागाडीतून हिंडत. त्यांनी १७५८ च्या सुमारास तोड काढली: आस जागेवरच ठेवावा, फक्त दोन्ही चाके आपापल्या खुंटीवर वळवावीत. मात्र त्यांनी पेटंट घेतले नाही, आणि कल्पना मागे पडली.

पुढे म्युनिकचे गाडी बनवणारे कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी अशी रचना केली. त्यांचे मुखत्यार म्हणून रुडॉल्फ ॲकरमान यांनी १८१८ मध्ये लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. ॲकरमान हे चित्रांचे व पुस्तकांचे प्रसिद्ध प्रकाशक. त्यात लबाडी काही नव्हती. पण कागदावर नाव त्यांचे, म्हणून जगभरच्या पुस्तकांत आजही ‘ॲकरमान भूमिती’ असेच छापले जाते. कारागिराचे नाव सांगणारा विरळाच!

ही भूमिती शिक्षकांना फळ्यावर सहज दाखवता येईल. वळताना आतल्या चाकाचे वर्तुळ लहान, बाहेरच्याचे मोठे. म्हणून आतले चाक थोडे अधिक वळले पाहिजे. दोन्ही पुढच्या चाकांच्या आसांच्या रेषा मागच्या आसाच्या रेषेवर एकाच बिंदूत मिळाल्या, की कोणतेही चाक फरफटत नाही.

१८७३ मध्ये फ्रान्समधील ल मां येथे आमेदे बोले यांनी वाफेची गाडी बांधली. तिची पुढची चाके अशीच स्वतंत्र वळत. तिचे नाव होते ‘लोबेइसांत’, म्हणजे ‘आज्ञाधारक’. कार्ल बेंझ यांनी १८८६ ची पहिली मोटार तीन चाकांची केली. चार चाकांसाठी आपल्या स्टिअरिंगचे पेटंट त्यांनी १८९३ मध्ये घेतले.

वळण्याचा प्रश्न सुटला, पण वेग वाढला तसा नवा प्रश्न उभा राहिला. दोन्ही पुढची चाके एकाच आखाला जखडलेली. एक चाक दगडावर चढले की दुसरेही कलते, आणि वेगात दोन्ही चाके थरथरू लागत. चालकाच्या हातातील चक्रही थरथरे. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने यावर पुष्कळ प्रयोग केले. १९३४ च्या मोटारींत प्रत्येक पुढच्या चाकाला स्वतंत्र स्प्रिंग आली आणि एका चाकाचा धक्का दुसऱ्याला बसेनासा झाला. आपल्याकडे १९५७ ते २०१४ पर्यंत तयार झालेली ॲम्बॅसेडर मूळच्या इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. तिच्यातही पुढची चाके स्वतंत्र होती.

या इतिहासातून हौसेने जुनी मोटार जतन करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाडी एका बाजूला ओढत असेल, स्टिअरिंग सैल लागत असेल, तर लगेच नवे, महागडे भाग बसवण्याची घाई नको. आधी टायरमधील हवा पाहावी. मग खुंट्या व सांधे झिजले आहेत का, ते पाहावे आणि शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. झिजलेल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट टिकत नाही. जुन्या कारागिरांनी आखलेली भूमिती मुळात बरोबरच असते. झिजेमुळे ती हरवते. ती परत मिळवणे, हीच पहिली सुधारणा. आणि यात हयगय नको, कारण वळणावर गाडीतल्या सगळ्यांचा जीव त्या दोन खुंट्यांवर असतो.