नव्या तबकडीची शिफारस

आपल्या भाषेत 'शिफारस' या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. नोकरीला शिफारस लागते, प्रवेशाला लागते, पुरस्काराला तर लागतेच. आणि हा शब्द उच्चारताच 'वशिला' हा त्याचा सख्खा भाऊ दारात येऊन उभा राहतो. वाङ्मयसमीक्षेने त्याच्यापासून अंतर राखले ते बहुधा यामुळेच. वर्गात आपण आस्वाद शिकवतो, विश्लेषण शिकवतो, मूल्यमापन शिकवतो. परंतु कालपरवा प्रसिद्ध झालेली, कोणीही अद्याप न पारखलेली कृती हातात घेऊन 'हे वाचा' असे स्वतःच्या नावानिशी सांगणे हीदेखील समीक्षेचीच कृती आहे, असे निदान मी तरी वीस वर्षांत कोणत्याही वर्गात सांगितलेले नाही. तुकारामाची थोरवी सांगायला धैर्य लागत नाही. ते काम काळाने आधीच करून ठेवलेले असते.

काळाची ही मदत नसताना पारख कशी होते, हे पाहायचे तर साहित्यापेक्षा संगीताच्या बाजारात डोकावणे अधिक बोधप्रद ठरते. तेथे दर आठवड्याला नव्या तबकड्यांचा ढीग येतो आणि पुढच्या आठवड्यात तो खाली दबतो. विशेषतः लोकगीतांच्या चालीवर स्वतःची गाणी रचणारे एकांडे गायक आणि मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून पॉप संगीत करणारे 'इंडी' गट यांच्यापाशी जाहिरातीचा पैसा नव्हता. त्यांचे भवितव्य बहुतेकदा एखाद्या माणसाच्या शब्दावर अवलंबून राहिले. मी संगीताचा अभ्यासक नाही, श्रोता आहे. पण या इतिहासात समीक्षेच्या विद्यार्थ्यांना ओळखीचे वाटावे असे पुष्कळ आहे.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कमधले. २९ सप्टेंबर १९६१ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रॉबर्ट शेल्टन या संगीत-समीक्षकाने ग्रिनिच व्हिलेजमधील 'गर्डीज फोक सिटी' या ठिकाणच्या कार्यक्रमाचे परीक्षण लिहिले. कार्यक्रम मुख्यतः 'ग्रीनब्रायर बॉइज' या गटाचा. त्यांच्या आधी गाणारा वीस वर्षांचा मुलगा होता बॉब डिलन. शेल्टनने मथळा आणि मोठा भाग या मुलाला दिला, आणि मुख्य गटाची बोळवण थोडक्यात केली. परीक्षणात आवाजाच्या खडबडीतपणाची नोंद आहे, अजून घडायचे बाकी आहे अशी सूचना आहे, आणि स्वतःच्या पूर्वायुष्याविषयी हा मुलगा मोघम बोलतो हेही समीक्षकाने टिपले आहे. ही काही आंधळी स्तुती नव्हे. तिच्यात एक प्रकारचा जुगार आहे आणि तो लपवलेला नाही.

याच सुमारास कोलंबिया कंपनीच्या जॉन हॅमंड यांनी डिलनशी करार केला. मार्च १९६२ मध्ये पहिली तबकडी आली. तिच्यातील तेरा गाण्यांपैकी स्वतःची फक्त दोन होती. पहिल्या वर्षी जेमतेम पाच हजार प्रती खपल्या असे सांगतात. कंपनीत या गायकाला 'हॅमंडचा मूर्खपणा' म्हणत. १९६२च्या अखेरीस कोणी शेल्टनला विचारले असते, तर त्याची पारख चुकली असेच उत्तर निघाले असते. २०१६चे नोबेल पारितोषिक आज आपल्या डोळ्यांपुढे आहे, म्हणून शेल्टन द्रष्टा वाटतो. परंतु त्याचे मोठेपण निकालात नाही. निकाल लागण्यापूर्वी त्याने सही केली, त्यात ते आहे.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. डिलनच्या त्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर 'स्टेसी विल्यम्स' या नावाने लिहिलेले प्रास्ताविक आहे. हा स्टेसी विल्यम्स म्हणजे खुद्द शेल्टन. वृत्तपत्रात निःपक्षपाती परीक्षण लिहिणारा समीक्षक कंपनीच्या मालाचे प्रास्ताविक टोपणनावाने लिहीत होता. आपल्याकडे मलपृष्ठावरील मजकूर, प्रस्तावना आणि परीक्षण एकाच लेखणीतून उतरल्याची उदाहरणे विरळा नाहीत, तेव्हा फार नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. तरीही मला यातले टोपणनाव खटकते. सप्टेंबरमध्ये ज्याने नावानिशी जोखीम घेतली, त्याला काही महिन्यांतच नाव लपवावेसे वाटले. शिफारस आणि वशिला यांच्यामधली रेषा बहुधा येथेच कोठेतरी असावी: आवड दोन्हीकडे खरी होती, पण दुसऱ्या वेळी वाचकाला बोलणारा कोण हे कळत नव्हते.

शेल्टन भेटला नाही तर काय होते? व्हॅष्टी बनियन या इंग्रज गायिकेची हकीकत यासाठी पाहावी. १९४५ साली जन्मलेल्या या मुलीला ऑक्सफर्डच्या रस्किन कलाविद्यालयातून काढून टाकण्यात आले, कारण तिचा वेळ चित्रांपेक्षा गाण्यांत जास्त जाई. १९६५ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'चे व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डम यांनी तिची एक तबकडी काढली. ती चालली नाही. १९६८ मध्ये ती आपल्या जोडीदारासह एका घोडागाडीतून लंडनहून निघाली. स्कॉटलंडच्या पश्चिमेला स्काय बेटावर डोनोव्हन हा गायक कलावंतांची वसाहत करणार होता, तेथे जायचे होते. घोड्याच्या चालीने वर्ष उलटून गेले. पोहोचेपर्यंत वसाहतीतली मंडळी पांगली होती. या प्रवासात रस्त्यावर, शेतांच्या कडेला जी गाणी सुचली त्यांची 'जस्ट अनदर डायमंड डे' ही तबकडी जो बॉइड या निर्मात्याने लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केली. रॉबिन विल्यम्सन, डेव्ह स्वॉर्ब्रिक यांसारखे तेव्हाच्या ब्रिटिश लोकसंगीतातले नामवंत वादक साथीला होते, तंतुवाद्यांची योजना रॉबर्ट कर्बी यांची. म्हणजे गुणवत्तेत, साथसंगतीत, निर्मितीत उणे काही नव्हते.

डिसेंबर १९७० मध्ये ही तबकडी बाजारात आली, आणि तिच्या काही शे प्रतीच खपल्या. ध्वनिमुद्रण होऊन वर्ष झालेले. बॉइड इंग्लंडमधला व्यवसाय आवरून अमेरिकेला निघालेले. गायिकेच्या मांडीवर तान्हे मूल. तिच्याविषयी हिरिरीने बोलणारे कोणीच उरले नाही. बनियनने गाणे सोडले, आणि तीस वर्षे ती मुले, गुरेढोरे, घर यांत रमली. तिच्या मुलांनाही आईच्या तबकडीचे फारसे अप्रूप नव्हते असे म्हणतात.

केवळ शिफारस मिळाली नाही म्हणून हे घडले, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. बॉइड यांच्याच हाताखाली तयार झालेला दुसरा गायक निक ड्रेक. १९६९ ते १९७२ या काळात त्याच्या तीन तबकड्या आल्या. तो हयात असताना त्यांतल्या एकीचाही खप पाच हजारांपर्यंत पोहोचला नाही. १९७४ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, तो गेला. ड्रेकला शिफारस मिळाली होती. बीबीसीच्या जॉन पील यांनी १९६९ मध्ये त्याला आपल्या कार्यक्रमासाठी गायला बोलावले होते. तरीही काही झाले नाही. सुमारे २००० साली एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचे गाणे वाजले आणि तीन दशकांत समीक्षकांना जे जमले नाही ते काही सेकंदांत झाले. समीक्षकांच्या अहंकारासाठी हे औषध म्हणून मी अधूनमधून आठवतो.

जॉन पील यांच्याविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. १९६७ पासून २००४ मध्ये पेरू देशात अकस्मात निधन होईपर्यंत हा माणूस बीबीसी रेडिओ वनवर रात्रीच्या वेळी नवे संगीत ऐकवत राहिला. त्या काळी वादक-कामगारांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे रेडिओवर तबकड्या किती तास वाजवायच्या यावर मर्यादा होती; उरलेला वेळ प्रत्यक्ष वादनाने भरावा लागे. या अडचणीतून 'पील सेशन' जन्माला आले: एखाद्या अनोळखी गटाला बोलवायचे, बहुधा एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित करायची, आणि रात्री ती ऐकवायची. अशी चार हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे झाली. आलेल्या कॅसेटी ते ऐकत. चुकीच्या गतीने तबकडी लावली तर तसे सांगत. आवडले नाही तर तेही सांगत. मार्क बोलन हा त्यांचा जवळचा मित्र. त्याची कोवळी, लोककथांच्या वळणाची गाणी पील यांनी कोणी विचारत नव्हते तेव्हा उचलून धरली. पुढे तो तारा झाला आणि १९७१ मध्ये त्याचे 'गेट इट ऑन' आले, तेव्हा ते आपल्याला पसंत नाही हे पील यांनी लपवले नाही. मैत्री आटली. मला वाटते, या एका प्रसंगाने त्यांच्या आधीच्या शेकडो शिफारशींना किंमत आली.

पील यांनी १९६९ मध्ये 'डँडेलियन' ही स्वतःची कंपनीही काढली (हे नाव त्यांच्या पाळीव हॅम्स्टरचे!). तिच्या आरंभीच्या तबकड्यांपैकी एक ब्रिजेट सेंट जॉन या गायिकेची 'आस्क मी नो क्वेश्चन्स'. गिटार, मंद्र आवाज आणि फारसे काही नाही. कंपनी १९७२ मध्ये बंद पडली. आवडलेल्या कवीचा संग्रह पदरमोड करून छापणारे संपादक आपल्या लघुनियतकालिकांच्या काळातही होते. त्यांच्या हिशेबाच्या वह्या याहून वेगळ्या नसाव्यात.

'इंडी' या शब्दाचा मूळ अर्थ आज विसरला गेला आहे. त्याचा संबंध आधी आवाजाशी नव्हता, वितरणाशी होता. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' गटाने उसनवारी करून हजार प्रती स्वतः काढल्या. लंडनच्या 'रफ ट्रेड' या दुकानासारख्या ठिकाणांनी अशा तबकड्या विकायला घेतल्या. आणि जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र वितरणाच्या तबकड्यांची निराळी यादी छापली जाऊ लागली. लोकगीत असो वा कर्कश गिटार, मोठ्या कंपनीच्या बाहेरून आले की ते इंडी.

हा अर्थ बदलला एका शिफारशीमुळेच. १९८६ मध्ये 'एनएमई' या साप्ताहिकाने बावीस नव्या गटांची 'सी-८६' ही कॅसेट टपालाने वाचकांना दिली. 'पेस्टल्स', 'वेडिंग प्रेझेंट', 'प्रायमल स्क्रीम' असे परस्परांशी फारसे नाते नसलेले गट तिच्यात होते. पण कॅसेटचे नावच शैलीचे नाव होऊन बसले: झणझणती गिटार, कच्चे गायन, लाजरा भाव. पुढे त्यांतल्या कित्येकांना हा शिक्का नकोसा झाला. नवकविता, ग्रामीण, दलित ही नामाभिधाने आपल्याकडे ज्यांना ओळख देऊन गेली त्यांनाच पुढे काचू लागली, हे आठवावे. शिफारस करणारा दार उघडतो खरा, पण दारावर पाटीही तोच लावतो. ब्रिस्टलच्या 'सारा रेकॉर्ड्स'ने याला आपल्या परीने उत्तर दिले: १९८७ मध्ये सुरू केलेले काम १९९५ मध्ये शंभर क्रमांक पूर्ण होताच त्यांनी स्वेच्छेने थांबवले.

प्राध्यापक वाचकांना एक हकीकत विशेष आवडेल. ग्लासगोच्या स्टो कॉलेजात संगीत-व्यवसायाच्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी 'इलेक्ट्रिक हनी' या नावाने दरवर्षी एखाद्या नव्या गटाची तबकडी काढत. १९९६ मध्ये त्यांनी 'बेल अँड सबॅस्टियन' या गटाची 'टायगरमिल्क' निवडली, प्रती हजार. तीन वर्षांनी तीच तबकडी सर्वत्र पुन्हा निघाली, कारण मूळ प्रती मिळेनाशा झाल्या होत्या. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांनी अनोळखी कलाकृतीवर पैज लावावी, आणि ती छापून बाजारात न्यावी! आपल्या प्रकल्पलेखनाच्या फायली आठवल्या की मन खट्टू होते.

पुढचा इतिहास झपाट्याचा आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या 'पिचफोर्क'ने नव्या तबकडीला दहापैकी दशांशात गुण देण्याची पद्धत रूढ केली. २०१५ मध्ये ते मोठ्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतले आणि २०२४ च्या आरंभी दुसऱ्या एका मासिकाच्या पंखाखाली सरकवले. 'एनएमई'चा छापील साप्ताहिक अंक मार्च २०१८ मध्ये थांबला. २०१५ पासून 'स्पॉटिफाय' दर सोमवारी प्रत्येक श्रोत्याला त्याच्या सवयींवरून काढलेली नवी यादी पाठवते. या याद्या पुष्कळदा चांगल्या असतात, हे मी नाकारत नाही. मागे एका विद्यार्थिनीने मला व्हॅष्टी बनियनचे गाणे ऐकवले. कोणी सुचवले, असे विचारले, तर ती म्हणाली, "सर, आपोआप आलं." त्या 'आपोआप'शी भांडता येत नाही. पील चुकले तर त्यांना पत्र लिहिता येत असे.

बनियनकडे परत येऊ. 'जस्ट अनदर डायमंड डे' २०००मध्ये पुन्हा निघाली. डेव्हेंड्रा बॅनहार्ट या तरुण गायकाने तिला आपली गाणी पाठवून सल्ला विचारला. म्हणजे तिची नवी शिफारस समीक्षकांकडून आली त्याहून अधिक तिच्या मुलांच्या वयाच्या गायकांकडून आली. २००५ मध्ये, पहिल्या तबकडीनंतर पस्तीस वर्षांनी, तिची दुसरी तबकडी 'लुकआफ्टरिंग' आली. बॅनहार्ट आणि जोआना न्यूसम साथीला होते. तिसरी २०१४ची. ही अखेर गोड आहे खरी, पण मधली तीस वर्षे कोणत्याही पुनर्मुद्रणाने भरून येत नाहीत. त्या वर्षांतली गाणी रचलीच गेली नाहीत.

हे लिहिताना एक कबुली देणे भाग आहे. एका तरुण कवीने आपला पहिला संग्रह माझ्याकडे अभिप्रायासाठी पाठवला होता. मी तो दोनदा वाचला. तिसऱ्या भागातल्या कविता मला विलक्षण वाटल्या. इतर कोणी काय म्हणतात ते पाहू, मग लिहू, असे ठरवले. कोणीच काही म्हटले नाही. मीही लिहिले नाही. त्याचा दुसरा संग्रह आला नाही. पहिला माझ्या कपाटात, संदर्भग्रंथांच्या रांगेत आहे. आतल्या पानावर 'सरांना, सप्रेम' आणि खाली तारीख, ऑगस्ट २००९.