टेडीचे वडील आणि नॉर्मंडीचा किनारा

साल १९५९. उन्हाळ्याची सुट्टी संपत आलेली. अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या एका काल्पनिक गावातून बारा वर्षांची चार मुले घरी थाप मारून निघतात आणि रेल्वेच्या रुळांवरून चालू लागतात. गाडीच्या धडकेने मेलेल्या एका मुलाचे प्रेत दूर जंगलात पडले आहे. ते त्यांना शोधायचे आहे. रॉब रायनर दिग्दर्शित ‘स्टँड बाय मी’ (१९८६) या चित्रपटाचे कथानक एवढेच.

अरुंद पुलावर मागून धडधडत येणारी आगगाडी, जळवांनी भरलेले डबके, रात्रीच्या शेकोटीभोवती रंगलेल्या गोष्टी! बालमैत्री आणि साहस यांवरील चित्रपटांची चर्चा या नावावाचून पुरी होत नाही. इतिहासाच्या वाचकाने मात्र यातील एका छोट्या प्रसंगापाशी थांबावे.

वाटेत मुले एका भंगारवाल्याच्या आवारात शिरतात. तो धावून येतो आणि कुंपणाच्या जाळीपलीकडून त्यांच्यापैकी टेडीला डिवचतो : तुझा बाप वेडा आहे, वेड्यांच्या इस्पितळात पडला आहे. टेडी अक्षरशः पिसाळतो. मित्र त्याला ओढून नेतात, तरी तो रडत ओरडत राहतो, की आपले वडील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर लढले आहेत. याच वडिलांनी संतापाच्या भरात टेडीचा कान तापलेल्या शेगडीवर दाबून धरला होता. ज्याने आपल्याला जवळजवळ मारलेच, त्याच्या अब्रूसाठी हा मुलगा इतका का तळमळतो, याचे निवेदकाला कोडे पडते.

या कोड्याचा एक धागा ६ जून १९४४ च्या पहाटेपर्यंत जातो.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे एक कोटी साठ लाख अमेरिकन स्त्री-पुरुषांनी गणवेश चढवला. ते परतले तेव्हा सरकारने ‘जीआय बिल’ या १९४४ च्या कायद्याने त्यांच्यासाठी शिक्षण, प्रशिक्षण आणि गृहकर्जे यांची दारे उघडली. सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी या कायद्याखाली शिक्षण वा प्रशिक्षण घेतले. नव्या वसाहती उभ्या राहिल्या, पाळणे हलले. एकट्या १९४७ मध्ये ३८ लाखांच्या आसपास मुले जन्मली. चित्रपटातील चौघे याच पिढीचे. मूळ कथेचा लेखक स्टीफन किंग १९४७ चा, आणि दिग्दर्शक रायनरही १९४७ चाच. पन्नाशीच्या दशकाचे चकचकीत मोटारींचे आणि हसऱ्या कुटुंबांचे जे चित्र आज डोळ्यांपुढे येते, त्याचा पाया हाच. ते चित्र खोटे नाही. अपुरे आहे.

कारण परतलेल्यांपैकी अनेकांची मने परतली नव्हती. अशा सैनिकाकडे सैन्य कसे पाहत असे, याचा दाखला ऑगस्ट १९४३ मधला आहे. सिसिलीतील लष्करी रुग्णालयांना भेट देताना जनरल पॅटन यांनी, अंगावर जखम नसलेल्या पण मनाने कोसळलेल्या दोन सैनिकांना, दोन वेगवेगळ्या दिवशी, भित्रे ठरवून थप्पड मारली. आयझेनहॉवर यांनी त्यांना माफी मागायला लावली, हे खरे. पण पॅटन यांचे मत त्यांच्या एकट्याचे नव्हते.

युद्ध संपताना दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी न्यूयॉर्कजवळच्या एका लष्करी रुग्णालयात अशाच रुग्णांवर ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट केला. थरथरणारे हात, वाचा गेलेला तरुण, ढसाढसा रडणारे जवान त्यात दिसतात. माहितीपट सैन्यानेच करवून घेतला होता, आणि १९४६ मध्ये सैन्यानेच तो अडवला. सामान्य प्रेक्षकांपुढे तो यायला १९८१ साल उजाडले. मधल्या काळात पडद्यावर काय होते? १९५५ चा ‘टू हेल अँड बॅक’. त्यात ऑडी मर्फी या बहुपदकप्राप्त वीराने स्वतःचीच भूमिका केली आणि चित्रपट तुफान चालला. हाच मर्फी रात्री उशाखाली भरलेले पिस्तूल ठेवून झोपत असे. ते चित्रपटात नव्हते. टेडीच्या वयाच्या मुलांपुढे शौर्याची मूर्ती होती ती पडद्यावरच्या मर्फीची.

उपचारांची कथाही फारशी सुखद नाही. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत चाळिशीच्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत १,९०० हून अधिक जणांच्या मेंदूवर ‘लोबोटॉमी’ ही शस्त्रक्रिया झाली. १९५२ च्या मानसोपचार सूचीत युद्धजन्य ताणासाठी एक निदान होते खरे, पण ते तात्पुरत्या प्रतिक्रियेपुरते; दहा-पंधरा वर्षे पाठ न सोडणाऱ्या युद्धासाठी नव्हे. १९६८ च्या आवृत्तीतून तेही गळले. ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हे नाव सूचीत आले १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे. १९५९ च्या गावाकडे टेडीच्या वडिलांसाठी एकच शब्द होता, आणि भंगारवाल्याने तो वापरला.

किंगची ‘द बॉडी’ ही दीर्घकथा १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मेन राज्यात घडते आणि तिच्यातील टेडीचे वडील टोगसच्या रुग्णालयात आहेत. हे ठिकाण काल्पनिक नाही. यादवी युद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी केंद्र सरकारने १८६६ मध्ये उघडलेले पहिले आश्रयस्थान तेच.

चित्रपट आला तेव्हा अमेरिकेत पन्नाशीच्या दशकाच्या गोड आठवणींना भरती होती. आदल्याच वर्षी ‘बॅक टू द फ्यूचर’ प्रेक्षकांना १९५५ मध्ये फिरवून आला होता. रायनरच्या पडद्यावरही त्या काळची गाणी वाजतात, पण घरांचे दरवाजे उघडले की आत निराळेच दिसते. गॉर्डीचे आईवडील थोरल्या मुलाच्या मृत्यूने गोठलेले. ख्रिसचा बाप दारुडा आणि मारकुटा. त्याने युद्ध पाहिले होते की नाही, हे चित्रपट सांगत नाही आणि तसे गृहीत धरणेही बरोबर नाही. प्रत्येक जखमेचे मूळ नॉर्मंडीत शोधू नये. टेडीपुरते मात्र ते तिथेच आहे.

१९४७ मध्ये जन्मलेला मुलगा १९६५ मध्ये अठरा वर्षांचा झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकन मरीन सैनिक व्हिएतनाममधील दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. वॉशिंग्टनमधील स्मारकाच्या काळ्या भिंतीवर त्या युद्धातील ५८,००० हून अधिक नावे कोरलेली आहेत.

चित्रपटाच्या अखेरीस निवेदक मित्रांचे पुढे काय झाले ते सांगतो. टेडीने वडिलांसारखे सैन्यात जाण्यासाठी अनेकदा खटपट केली. अधू डोळे आणि तो भाजलेला कान आड आला. त्याला घेतले नाही. मग काही काळ तो तुरुंगात होता, असे निवेदकाच्या कानावर आलेले असते. आता गावातच मिळेल ते काम करतो.