आदिवासी विद्यार्थी व संशोधनपद्धतीचे अध्यापन

समाजशास्त्र, भाषा, आरोग्य इ. विषयांतील आदिवासी विद्यार्थ्यांना त्यांच्या समाजाच्या रीतिभाती, भाषा व निर्णयपद्धती यांचा मान राखून क्षेत्रकार्य, मुलाखत, नोंदी आणि लेखन शिकविण्याची पद्धत. क्रमिक पुस्तकांत आदिवासी हा बहुधा माहिती देणारा असतो. येथे तोच प्रश्न विचारू लागतो आणि परवानगी, नातीगोती व मालकी यांचे प्रश्न निराळे होतात. माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांच्या ‘डीकॉलनायझिंग मेथडॉलॉजीज’ (१९९९) या ग्रंथाने या विचाराला जगभर चालना दिली.

पूर्वपीठिका : मराठवाड्याला जवळचा दाखला हैदराबाद संस्थानातील आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील गोंड पुढारी कुमराम भीमू याचे बंड १९४० मध्ये मोडल्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे दिले. त्यांच्या प्रयत्नांतून मारलावाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. मराठी थोडेफार लिहिता-वाचता येणारे तरुण तेथे घेतले गेले. गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण त्या भागातील साक्षर गोंडांना तीच अक्षरे ठाऊक होती. आजच्या नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुका तेव्हा आदिलाबादमध्येच मोडत असे. पुढे इतिहासकार म्हणून नावारूपाला आलेले सेतुमाधवराव पगडी यांनीही त्या जिल्ह्यात अधिकारी असताना गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले. मारलावाईत संशोधन शिकविले जात नसे. तरीही गोंडांनी गोंडीतून शिकवावे हे तेथे सरकारी खर्चाने मान्य झाले. नंतरच्या पुष्कळ योजनांना एवढेही साधले नाही.

अध्यापनातील मुद्दे : गोंडांच्या वंशकथा सांगण्याचा मान परंपरेने परधान या त्यांच्या भाटांचा. म्हणून विद्यार्थी स्वतः गोंड असला तरी कथा कोणी, कोणत्या प्रसंगी व कोणत्या अधिकाराने सांगितली याची नोंद करायला त्याला शिकवावे लागते. गोंडी व कोलामी या द्राविडी भाषा असल्याने मराठी प्रश्नावली तोंडी भाषांतर करून सांगून भागत नाही; मूळ बोलणे आधी देवनागरीत जसेच्या तसे उतरवावे, अर्थ मागाहून द्यावा. ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यात मोहफुले वेचणाऱ्या घराला लिहिण्यासारखे थोडेच असते. मोह किती पायल्या वेचला, किती विकला, किती घरी ठेवला, असे हंगामवार विचारले की हिशेब मिळतो. मार्च ते मे हे मोह व तेंदूपानांचे दिवस. नेमक्या याच सुमारास क्षेत्रभेटी ठेवणारी वेळापत्रके कुचकामी ठरतात.

मेंढा (लेखा) : गडचिरोली जिल्ह्यातील या गोंड गावाच्या अभ्यासगटात बाहेरचे जाणकार व गावकरी एकत्र बसतात, निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रयोगाशी निगडित आहेत. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात याचा सविस्तर वृत्तांत आहे. संमतिपत्रावर एकेकट्याची सही घेण्याच्या विद्यापीठीय रिवाजाला येथे पर्याय दिसतो.

नियम : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आदिवासी भागातील संशोधनाआधी सक्षम अधिकाऱ्यांची परवानगी मागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पीएच.डी.साठी संशोधन-नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्याचा भर वाङ्मयचौर्य व प्रकाशनावर आहे.

छत्रपती संभाजीनगर : येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (स्था. १९५८) आहे. त्यातून नांदेडचे विद्यापीठ १९९४ मध्ये वेगळे झाल्यावर किनवटचा गोंड-कोलाम भाग तिकडे गेला. कन्नड व सोयगाव तालुक्यांतील भिल्ल वस्त्या येथील कार्यक्षेत्रात राहिल्या.

मालकी : १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क सामान्यतः निर्मात्याकडे राहतो; सांगणाऱ्या समाजाला त्यात स्थान नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रणाची एक प्रत ग्रामसभेकडे ठेवावी आणि छापण्यापूर्वी मजकूर गावात वाचून दाखवावा, असा काही अध्यापकांचा आग्रह असतो.