इन्फ्रास्ट्रक्चर म्हणजे काय? रोज कानावर पडणाऱ्या शब्दाचा सोपा अर्थ

मागच्या पावसाळ्यात बाबा आजीच्या बीपीच्या गोळ्या आणायला गावातल्या मेडिकलमध्ये गेले होते. क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, खात्यातून ६४० रुपये कापले गेले, पण दुकानदाराकडे आलेच नाहीत. बाबांनी तिथूनच मला फोन लावला. "अरे, फोन लागतोय, नेट चालू आहे, ॲप पण उघडतंय. मग पैसे अडकले कुठे?" मी सवयीने म्हणालो, "इन्फ्रास्ट्रक्चरचा प्रॉब्लेम असेल." ते म्हणाले, "म्हणजे काय?" खरं सांगतो, दिवसातून दहा वेळा हा शब्द वापरूनही मला पटकन सांगता आलं नाही. म्हणून आज हाच शब्द नीट समजून घेऊया.

शब्दाचा अर्थ

लॅटिनमध्ये 'इन्फ्रा' म्हणजे खाली. स्ट्रक्चर म्हणजे रचना. म्हणजेच वरच्या गोष्टीला आधार देणारी खालची रचना. हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. एकोणिसाव्या शतकात तिथे तो रेल्वेच्या कामात वापरायचे. रूळ टाकण्याआधी जे भराव, पूल, बोगदे बांधावे लागतात, ते सगळं इन्फ्रास्ट्रक्चर. पुण्याहून मुंबईला ट्रेनने जाताना बोरघाटात जे बोगदे लागतात, ते या मूळ अर्थाचं अगदी बरोबर उदाहरण आहे.

पुढे अर्थ वाढत गेला. रस्ते, वीज, पाणी, बंदरं, दवाखाने, शाळा हे सगळं त्यात आलं. मराठीत आपण 'पायाभूत सुविधा' म्हणतो.

एखादी गोष्ट इन्फ्रास्ट्रक्चर आहे का, हे कसं ओळखायचं?

मी तीन प्रश्न विचारतो:

१. तिच्या आधारावर दुसऱ्या गोष्टी चालतात का?
२. ती अनेक जण मिळून वापरतात का?
३. ती बंद पडली तर एकाच वेळी बऱ्याच गोष्टी अडतात का?

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी मुंबई आणि आसपासच्या भागात वीज गेली. त्याबरोबर लोकल जागच्या जागी थांबल्या, ऑनलाइन परीक्षा अडल्या, घरून काम करणाऱ्यांचं वाय-फाय गेलं. बिघाड विजेत होता, पण अडलं सगळंच. कारण लोकल आणि इंटरनेट हेसुद्धा इन्फ्रास्ट्रक्चरच आहे, फक्त ते विजेच्या इन्फ्रास्ट्रक्चरवर उभं आहे. असे थरावर थर असतात.

तुमच्या मोबाईलच्या खाली काय आहे?

तुम्हाला दिसतं ते ॲप. त्याच्या खाली मोबाईल टॉवर, जमिनीखालची फायबर केबल, डेटा सेंटर, आणि परदेशाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबल. त्यातल्या बऱ्याच केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात.

काही इन्फ्रास्ट्रक्चर हात लावता येईल असं नसतंच. २०१६ साली सुरू झालेलं यूपीआय किंवा आधार यांना 'डिजिटल सार्वजनिक पायाभूत सुविधा' म्हणतात. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. आज सिम कार्डापासून बँक खात्यापर्यंत कितीतरी कामं त्यावर होतात.

२०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डेटा सेंटरनाही इन्फ्रास्ट्रक्चरचा दर्जा देण्याची घोषणा झाली. हा दर्जा मिळाला की रस्ते-पुलांसारखं लांब मुदतीचं कर्ज मिळणं सोपं जातं. म्हणजे या शब्दामागे पैशाचा हिशेबही असतो.

ऑफिसमध्ये 'इन्फ्रा' म्हणजे काय?

आयटीत आम्ही नुसतं 'इन्फ्रा' म्हणतो. सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क, बॅकअप हे सगळं त्यात येतं. "कोड बरोबर आहे, इन्फ्रा डाऊन आहे" हे आमचं आवडतं वाक्य! आता बऱ्याच कंपन्या स्वतः सर्व्हर विकत घेत नाहीत, क्लाऊडवरून भाड्याने घेतात.

बोलताना कसा वापरायचा?

- "गावात रस्ता आणि वीज आली, इन्फ्रास्ट्रक्चर सुधारलं." बरोबर.
- "कॉलेजचं इन्फ्रास्ट्रक्चर चांगलं आहे." बरोबर, पण फक्त चकाचक बिल्डिंग बघून म्हणू नका. लॅब, लायब्ररी, वाय-फाय चालतंय का ते बघा.
- "या ॲपचं इन्फ्रास्ट्रक्चर किती सुंदर दिसतं!" चूक. दिसतं ते डिझाईन. इन्फ्रास्ट्रक्चर त्याच्या खाली असतं.

मग बाबांचे पैसे कुठे अडकले होते?

यूपीआय करताना ॲप फक्त निरोप देतं. तो निरोप एनपीसीआयच्या यंत्रणेतून आपल्या बँकेकडे जातो, तिथे पैसे कापले जातात, मग दुकानदाराच्या बँकेला जमा करायला सांगितलं जातं. यातला एक दुवा जरी वेळेत बोलला नाही, तरी ॲप चालू असून व्यवहार लटकतो. बाबांचं तसंच काहीतरी झालं असावं.

अशा वेळी घाईने लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी ॲपमध्ये व्यवहाराची स्थिती बघा आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, दुकानात केलेल्या यूपीआय व्यवहारात पैसे कापले गेले पण दुकानदाराला पावती मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते.

बाबांचे पैसे दुसऱ्या दिवशी परत आले. दुकानदार ओळखीचा होता म्हणून गोळ्या उधारीवर मिळाल्या. अनोळखी गावात असते तर आजीचा त्या रात्रीचा डोस चुकला असता. चांगल्या इन्फ्रास्ट्रक्चरला नेहमी पर्यायी सोय लागते, हे आम्हाला ऑफिसात शिकवतात. बाबांनी ती स्वतःच केली. आता त्यांच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये कायम पाचशेची एक नोट असते. तुम्हीही ठेवा.