मोजमापात न बसणारी हानी : अलास्का व ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरील मूलनिवासी समाज आणि तेलगळती

‘आदिवासी’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात सह्याद्री वा सातपुड्यातील डोंगर आणि अरण्य उभे राहते. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील मूलनिवासी समाज मात्र समुद्राकाठचे आहेत. अलास्कातील सुगपियाक असोत वा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील हेल्टसुक, हैडा आणि गिटगाट असोत, ओहोटीने उघडी पडणारी पुळण हीच त्यांची शेती होय. शिंपले, सामन व हेरिंग मासे, सील आणि समुद्रशैवाल यांवर त्यांचा उदरनिर्वाह चालतोच. पण मिळालेला वाटा वृद्धांच्या व आप्तांच्या घरी पोहोचवणे, मुलांना सोबत नेऊन शिकवणे आणि समारंभात पाहुण्यांना वाढणे हा व्यवहारही त्याच अन्नाभोवती गुंफलेला आहे. तेलवाहू जहाजांविषयी या समाजांना वाटणारी चिंता समजून घ्यावयाची तर तेलगळतीने नेमके काय नष्ट होते आणि ते कोण ठरवतो, या प्रश्नाकडे पाहावे लागते.

२४ मार्च १९८९ रोजी ‘एक्झॉन वाल्डीझ’ हे जहाज अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंड या उपसागरात ब्लाय खडकावर आदळले. सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चे तेल समुद्रात गेले आणि सुमारे २,१०० किलोमीटर किनाऱ्याला ते लागले. तो गुड फ्रायडेचा दिवस होता. याच उपसागरातील चेनेगा या सुगपियाक गावाच्या दृष्टीने हा योगायोग भयंकर होता. पंचवीस वर्षांपूर्वी, २७ मार्च १९६४ च्या गुड फ्रायडेलाच, भूकंपानंतरच्या लाटेने मूळ चेनेगा वाहून नेले होते आणि गावातील जवळजवळ एक-तृतीयांश माणसे मृत्युमुखी पडली होती. वाचलेल्या कुटुंबांनी इव्हान्स बेटावर नवे गाव वसवले ते १९८४ मध्ये. ते जेमतेम स्थिरावत असतानाच त्याच्या किनाऱ्यांवर तेल आले.

पोर्ट ग्रॅहमचे प्रमुख वॉल्टर मेगानॅक यांनी त्याच वर्षी केलेले भाषण ‘पाणी मेले तो दिवस’ या आशयाच्या शीर्षकाने पुढे प्रसिद्धी पावले. पुढील काळ या शीर्षकाला साजेसाच गेला. मासे व शिंपले खाण्यास योग्य आहेत असा निर्वाळा तज्ज्ञ देत; तथापि जो किनारा काळा पडलेला डोळ्यांनी पाहिला त्याच किनाऱ्यावरचे अन्न मुलांच्या पानात वाढण्यास आया धजत नसत. गावातील धडधाकट माणसे सफाईच्या कामावर गेली. रोख पैसा आला, पण अन्न गोळा करण्याचा हंगाम हातचा गेला. १९९३ मध्ये उपसागरातील हेरिंगची संख्या कोसळली. या ऱ्हासात तेलाचा वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

न्यायालयात या हानीचे काय झाले, हा या इतिहासातील सर्वांत बोलका भाग होय. न मिळालेल्या अन्नाच्या किमतीचा दावा तडजोडीने मिटला. कारण मासा किंवा सील यांच्याऐवजी बाजारातून काय आणावे लागेल, याचा हिशेब मांडता येतो. परंतु जीवनपद्धतीला पोहोचलेल्या इजेचा स्वतंत्र दावा कनिष्ठ न्यायालयाने फेटाळला आणि १९९७ मध्ये नवव्या विभागाच्या संघराज्य अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. सार्वजनिक उपद्रवाबद्दल खासगी भरपाई हवी असेल तर इतर जनतेहून भिन्न प्रकारची इजा सिद्ध करावी लागते. निसर्गावर उपजीविका करण्याचा हक्क तर सर्वच अलास्कावासीयांना आहे, तेव्हा मूलनिवासींची इजा कदाचित अधिक असेल, पण वेगळ्या जातीची नाही, असा हा युक्तिवाद होता. कायद्याच्या दृष्टीने तो सुसंगत असेलही. परंतु हौसेने मासेमारी करणारा नागरिक आणि शेकडो पिढ्या त्याच पुळणीवर जगलेला समाज यांना त्याने एकाच मापाने मोजले, हे नाकारता येत नाही.

हा धडा सीमेपलीकडे दक्षिणेस विसरला गेला नाही. २२ मार्च २००६ रोजी ‘क्वीन ऑफ द नॉर्थ’ ही प्रवासी नौका गिल बेटाजवळ बुडाली, तेव्हा हार्टली बे येथील गिटगाट लोक रात्रीच्या काळोखात होड्या घेऊन मदतीस धावले. १०१ पैकी ९९ जण वाचले. नौकेतील डिझेल मात्र त्यांच्या शिंपल्यांच्या जागांजवळ गळत राहिले. एन्ब्रिज कंपनीच्या नॉर्दर्न गेटवे प्रकल्पातील तेलवाहू जहाजे याच पाण्यातून नेण्याची योजना होती. किनाऱ्यावरील मूलनिवासी राष्ट्रांच्या संघटनेने २३ मार्च २०१० रोजी, एक्झॉन वाल्डीझच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, आपल्या पाण्यात अशा जहाजांना बंदी जाहीर केली. ही बंदी त्यांनी सरकारकडे मागितली नव्हती, तर पूर्वापार चालत आलेल्या कायद्याच्या आधारे स्वतःच घातली होती. २०१४ मध्ये प्रकल्पाला मिळालेली मान्यता संघराज्य अपील न्यायालयाने जून २०१६ मध्ये रद्द केली. मूलनिवासींशी पुरेसा विचारविनिमय झाला नाही, हे त्याचे कारण होते.

त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी अलास्काहून रिकामा बार्ज घेऊन येणारी ‘नेथन ई. स्टुअर्ट’ ही टग बेला बेलाजवळ खडकावर चढली. पहाऱ्यावरील एकमेव अधिकाऱ्यास झोप लागली होती. सुमारे १,१०,००० लिटर डिझेल व वंगण सांडले आणि हेल्टसुकांच्या शिंपल्यांच्या पुळणी बंद कराव्या लागल्या. शैवालावरील हेरिंगची अंडी विकण्याचा याच समाजाचा परंपरागत हक्क कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ग्लॅडस्टोन खटल्यात मान्य केला होता. हेल्टसुकांनी पहिल्या ४८ तासांतील दिरंगाईचा अहवाल स्वतः तयार केला. २०१८ मध्ये त्यांनी जो दावा दाखल केला, त्यात सांस्कृतिक हानीचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. २०१९ मध्ये जहाजमालक कंपनीस २९ लाख डॉलरचा दंड झाला.

जून २०१९ मध्ये कॅनडाच्या संसदेने उत्तर ब्रिटिश कोलंबियाच्या बंदरांत १२,५०० टनांहून अधिक कच्चे वा चिवट तेल नेणाऱ्या जहाजांना मज्जाव करणारा कायदा संमत केला. डिझेल त्यात येत नाही. म्हणजे हेल्टसुकांच्या पुळणींवर जे तेल आले, ते त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये संघराज्य सरकार आणि अल्बर्टा प्रांत यांच्यात जो समझोता झाला, त्यात नव्या तेलवाहिनीसाठी आवश्यक भासल्यास याच कायद्यात फेरबदल करण्याची तयारी नमूद आहे.