हिमलोट व हिवाळी गिर्यारोहण (हिमालय)

हिमलोट : डोंगरउतारावर साचलेले हिम एकाएकी सुटून खाली कोसळणे. वृत्तपत्रांत यालाच हिमस्खलन म्हणतात. हिमनदीचा कडा किंवा सेरॅक (बर्फाचा सुळका) कोसळला तरी सैलपणे हेच नाव दिले जाते. प्रस्तुत नोंद मुख्यतः गिर्यारोहकाच्या वाटेवर येणाऱ्या हिमलोटांपुरती आहे. रस्ते व वस्त्यांचा उल्लेख प्रसंगोपात्त केला आहे.

प्रकार : सैल हिमलोट एका बिंदूपासून सुटतो आणि खाली पसरत जातो. स्लॅब हिमलोटात घट्ट झालेला अख्खा थर एकदम निसटतो व वरच्या बाजूला सरळ चीर उमटते. गिर्यारोहकांचे बहुतेक बळी या दुसऱ्या प्रकाराने घेतले आहेत. स्लॅब सुटण्यास ३० ते ४५ अंशांचा उतार सर्वांत अनुकूल असतो. त्याहून उभ्या उतारावर हिम फारसे साचत नाही, थोडे थोडे घसरत राहते. दुर्दैवाने चढाईची वाटही बऱ्याचदा याच अंशांतून जाते. युरोप-अमेरिकेतील नोंदी पाहता, बहुतांश अपघातांत हिम सुटण्याचे निमित्त सापडलेला माणूस किंवा त्याचाच साथीदार असतो. ओरडण्याने हिमलोट सुटतो ही समजूत मात्र निराधार आहे.

कारणे : एका दिवसात ३० सेंमी. किंवा अधिक नवे हिम पडले, तर पुढचे एक-दोन दिवस विशेष धोक्याचे. वारा हिम उचलून धारेपलीकडच्या आडोशाच्या बाजूला टाकतो; त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही तिथला उतार भरत राहतो. उत्तराभिमुख उतारांवर दुबळे थर आठवडेच्या आठवडे टिकतात. दक्षिणेकडील उतार उन्हाने लवकर बसतात, पण वसंतात दुपारनंतर तेच ओल्या हिमलोटांचे घर होतात.

दुबळा थर पुष्कळदा तळाशी तयार होतो. जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वरची हवा कितीतरी थंड, अशी स्थिती राहिली की हिमातली वाफ वर सरकते आणि खालच्या कणांचे मोठे, कंगोरेदार स्फटिक बनतात. ते हातात घेतले तर साखरेसारखे ओघळतात, त्यांचा गोळा वळत नाही. पातळ हिम आणि कडक थंडी असलेल्या प्रदेशात, म्हणजे लडाख व काराकोरमकडे, हा प्रकार अधिक. पीर पंजाल रांगेत पश्चिमी विक्षोभांमुळे डिसेंबर ते मार्च दरम्यान हिम भरपूर पडते, हवाही तुलनेने उबदार. तिथे धोका मुख्यतः ताज्या हिमवर्षावाचा असतो.

परीक्षण : उतारात खड्डा खणून हिमाची उभी भिंत उघडी करतात. तिच्यातून ३० सेंमी. लांबी-रुंदीचा स्तंभ कापून माथ्यावर फावड्याचे पाते ठेवतात. त्यावर आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा थापा मारतात. पहिल्या दहांतच वरचा ठोकळा तुटून सरकला तर परत फिरावे. मात्र स्तंभ टिकला म्हणजे उतार सुरक्षित, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही; दहा पावलांवर थरांची मांडणी बदललेली असू शकते. चालताना पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज होऊन हिम बसले, तर खड्डा खणण्याचीही गरज नाही; परत फिरावे.

द्रौपदी का डांडा : गढवालमधील द्रौपदी का डांडा-२ (सुमारे ५,६७० मी.) या शिखरावर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षण तुकडी माथ्याजवळच्या उतारावर असताना स्लॅब सुटला. अनेकजण खालच्या हिमभेगेत ढकलले गेले. २७ मृतदेह सापडले, दोघे बेपत्ता राहिले. मृतांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट व मकालू सर केले होते. भारतीय गिर्यारोहणातील ही सर्वांत मोठ्या दुर्घटनांपैकी एक. ऑक्टोबर हा सुरक्षित हंगाम मानला जात असल्याने तिचे महत्त्व केवळ मृतांच्या संख्येपुरते नाही. जबाबदारीविषयी मतभेद आहेत. परंतु एका उतारावर एका वेळी किती माणसे असावीत, हा तांत्रिक प्रश्न या घटनेने ऐरणीवर आणला.

इतर घटना : ७ जून १९२२ रोजी एव्हरेस्टच्या नॉर्थ कोलखाली सात भारवाहक ठार, या शिखरावरील हे पहिले नोंदलेले चढाई-मृत्यू. १९३७ मध्ये नंगा पर्वतावर जर्मन मोहिमेची छावणी रात्रीत गाडली जाऊन १६ जण ठार. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात सेरॅक कोसळून १६ नेपाळी कामगार ठार. त्याच वर्षी ऑक्टोबरात हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष नेपाळात पोहोचून अन्नपूर्णा परिसरात हिमवादळ व हिमलोटांत चाळीसहून अधिक बळी गेले. चमोलीची २०२१ ची आपत्ती खडक व बर्फ मिळून झालेली असल्याने तिचा येथे विचार केलेला नाही.

बचाव : गाडला गेलेला माणूस बहुधा गुदमरून मरतो. स्वित्झर्लंडमधील जुन्या नोंदींनुसार पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले दहापैकी नऊ जगतात, पस्तीस मिनिटांनंतर जेमतेम तीन. अलीकडील विश्लेषणात ही मुदत आणखी कमी, दहा मिनिटांच्या आसपास भरते. बाहेरची मदत तोवर येत नाही. म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारे संदेश-उपकरण), शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाच्या अंगावर हवे. तंबूत ठेवलेले ट्रान्सीव्हर निरुपयोगी. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर हिमलोटाखाली गाडले गेलेले लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत वारले. हा अपवाद आहे. त्या घटनेतील दहा मृतांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता.

हिवाळी चढाई : जेट प्रवाह दक्षिणेकडे सरकल्याने आठ हजार मीटरवरील शिखरांवर वारा प्रचंड असतो. हवेचा दाबही घटतो, त्यामुळे श्वासाला प्राणवायू आणखी कमी मिळतो. वाऱ्याने हिम खरवडून निळा, कडक बर्फ उघडा पडतो. तिथे हिमलोटापेक्षा घसरण्याची भीती मोठी. एव्हरेस्टवरील पहिली हिवाळी चढाई १७ फेब्रुवारी १९८० रोजी पोलंडच्या लेशेक चिही व क्षिश्तोफ व्हिएलित्स्की यांनी केली. के-२ वर १६ जानेवारी २०२१ रोजी दहा नेपाळी गिर्यारोहक पोहोचले. हिवाळा १ डिसेंबरपासून मोजावा की २१ डिसेंबरपासून, यावर एकमत नाही. गिर्यारोहक अनातोली बुक्रेयेव्ह २५ डिसेंबर १९९७ रोजी अन्नपूर्णेवर हिमलोटात ठार झाले.

हवामानबदल : मनालीजवळील झाडांच्या वलयांच्या अभ्यासात (२०१८) हिमलोटांत वाढ दिसते; मात्र तो निष्कर्ष संपूर्ण हिमालयाला लावता येत नाही.

पूर्वसूचना : १९६९ मध्ये मनालीत स्थापन झालेली हिम व हिमलोट अध्ययन संस्था २०२० मध्ये संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन झाली. या संस्थेची पूर्वसूचना-पत्रके जिल्हा व मार्ग पातळीवरची असतात, एका विशिष्ट उताराची नसतात. सह्याद्रीत कातळ व दोर यांचा सराव होतो, हिमाचा नाही. तेव्हा महाराष्ट्रातून डिसेंबर-जानेवारीत केदारकंठासारख्या वाटांवर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पत्रक पाहावे आणि मागच्या दोन दिवसांत वर किती हिम पडले, हे पायथ्याच्या गावात विचारून घ्यावे.