कवनांवरील खटला

१९०९ च्या जून महिन्यात नाशिकच्या सेशन्स कोर्टाने गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. ज्या आरोपावरून ही शिक्षा झाली तो शस्त्राचा नव्हता. कवी गोविंद यांची काही कवने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली, एवढाच तो आरोप. दोनचार कवनांनी राज्य उलथते काय, असे आज आपणांस वाटेल. परंतु सरकारची भीती अगदीच अनाठायी नव्हती, असे माझे मत आहे.

गोविंद त्र्यंबक दरेकर (१८७४–१९२६) हे पायांनी अधू होते. आरंभी ते शृंगारिक लावण्या रचीत. १९०० च्या सुमारास नाशिकात सावरकर बंधूंचा ‘मित्रमेळा’ निघाला आणि त्या सहवासात त्यांची प्रतिभा पोवाड्यांकडे व स्वातंत्र्यगीतांकडे वळली. त्या काळी वृत्तपत्र वाचणारे थोडे. मेळ्यापुढे गर्दी करणारे पुष्कळ. पोवाडा म्हटला की शाहिराने कडवे सोडावे, झीलकऱ्यांनी ते उचलावे आणि ऐकणाऱ्याने ध्रुपद गुणगुणत घरी जावे. निरक्षर मनुष्यही त्याचा प्रचारक होई. पुस्तिका जप्त करता येते; पाठ झालेले ध्रुपद कोणत्या शिपायाने जप्त करावे?

या कवनांतील शब्द मात्र सावध होते. त्यांत देव होते, शिवाजीमहाराज होते. इंग्रजांशी उघड वैर त्या मानाने झाकलेले होते. अशा काव्याचा अर्थ काय लावावयाचा, हा मोठा नाजूक प्रश्न नोव्हेंबर १९०९ मध्ये मुंबई हायकोर्टापुढे आला. न्यायमूर्ती चंदावरकर मराठी उत्तम जाणणारे. देवांची व वीरांची नावे हे केवळ निमित्त असून खरा उपदेश राजसत्तेविरुद्ध तलवार उचलण्याचा आहे, असा त्यांनी निर्णय दिला व शिक्षा कायम झाली. रसिकांनी जे मनातल्या मनात ओळखले होते, तेच न्यायासनाने लेखी नोंदविले! शिक्षा भोगली ती प्रकाशकाने.

पुढचा प्रसंग सर्वश्रुत आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी, कलेक्टर जॅक्सन यांस अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली. बाबारावांस खटल्यासाठी सेशन्सकडे पाठविणारे अधिकारी ते हेच; आणि संस्कृताचे व्यासंगी म्हणून नावाजलेलेही हेच. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे तिघे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले.

श्रोतेहो, नाशिकच्या गाण्याचा इतिहास येथेच थांबविला तर तो अर्धाच सांगितल्यासारखे होईल. २ मार्च १९३० रोजी याच शहरात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याच्या अग्रभागी होते. पुढच्याच वर्षी भीमराव कर्डकांनी आपला जलसा उभा केला. साचा तमाशाचाच; पण शृंगाराच्या जागी पाण्याचा, शिक्षणाचा, माणुसकीचा प्रश्न आला. गोविंदांच्या कवनांत देव हा बंडाचा पडदा होता. या जलशांच्या काळात देवाचे बंद दार हेच बंडाचे कारण होते. ज्या ‘आम्ही’च्या नावाने पूर्वीची गीते गाइली गेली, त्या ‘आम्ही’त देवळाबाहेर तिष्ठणारी माणसे कितपत होती, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

सत्याग्रह कित्येक वर्षे रेंगाळला, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवल्यास डॉ. आंबेडकरांनी हिंदुधर्मत्यागाची घोषणा केली. जलसे त्यानंतरही चालू राहिले. याच जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील देशवंडीस १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांस अक्षरओळख झाली ती मोठेपणी. पण त्यांची गाणी २००४ साली त्यांचे निधन होईपर्यंत वस्तीवस्तीत पोहोचली होती, आणि तीही बहुतांशी गळ्यातून गळ्यात.